ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवर चालतो. रेझिस्टर बदलूनही परत तेच

केरीची बाय (केरी, सत्तरी)

नमस्कार. गाडी पेट्रोल हॅचबॅक, अकरा वर्षांची. एसी साधा, म्हणजे ० ते ४ असा गोल नॉब. पाऊस लागल्यापासून ब्लोअर १, २ आणि ३ वर अजिबात चालत नाही, ४ वर मात्र एकदम सोसाट्याने सुटतो.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी नेमकं हेच झालं होतं. तेव्हा गॅरेजमध्ये ग्लोव्ह बॉक्सखालचा रेझिस्टर बदलून दिला आणि सगळे स्पीड परत आले. वर्ष व्हायच्या आत पुन्हा तीच कथा. या वेळी काही गोष्टी जास्तीच्या आहेत. ४ वर चालतानाही मध्येच आवाज बसतो आणि पुन्हा चढतो. खड्ड्यात गाडी आपटली की कधी बंद पडतो, कधी बंद पडलेला सुरू होतो. सकाळी पहिल्यांदा लावला की डाव्या बाजूच्या पायांपाशी चिर्रर्र असा आवाज येतो, थोड्या वेळाने जातो. आणि अलीकडे प्लास्टिक तापल्यासारखा वास येऊ लागला आहे.

हे पुढे ढकलण्यासारखं काम नाही. आईला पहाटे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यावं लागतं. साखळीहून आमोणे पूल, माशेल, जुनं गोवं असा रस्ता. पहाटेचा पाऊस, गाडीत आम्ही तिघं-चौघं, काच आतून धुरकट होते. ४ वर लावला तर गार वारा आईच्या अंगावर येतो, ती शाल लपेटून बसते. बंद केला तर मला समोरचं दिसत नाही.

गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल, ब्लोअर आणि कूलिंग कॉइल एकदमच बदलून टाकू. आकडा सांगितला अठरा हजार. नेमकं बिघडलंय काय, असं विचारलं तर "खोलल्यावर कळेल." शेजारचा मुलगा आयटीआयत इलेक्ट्रिशियन करतो, त्याच्याकडे मल्टिमीटर आहे. आम्ही दोघं मिळून घरी काय तपासू शकतो? आणि कोणत्या क्रमाने?

म्हापशेकर

आधी गॅस चेक करून घ्या. माझ्या गाडीला वारा यायचा पण गार यायचा नाही, गॅस भरल्यावर फरक पडला. पुढे रेडिएटरला फॅन असतो तोही बघायला सांगा, एसीचा फॅन तोच.

फोंड्याचा वायरमन

ताई, गॅस भरायला जाऊ नका. म्हापशेकरांच्या गाडीचा आजार वेगळा होता. गाडीत दोन पंखे असतात. बॉनेटखालचा पंखा रेडिएटर आणि कंडेन्सर गार करतो. डॅशबोर्डच्या आतला, डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे-खाली असतो तो ब्लोअर. जाळीतून तुमच्या तोंडावर वारा येतो तो त्याचा. गार हवा असो की हीटरची गरम, ढकलणारा हाच एक. गॅसचा त्याच्या फिरण्याशी संबंध नाही. तुमची तक्रार पूर्णपणे या आतल्या पंख्याची आणि त्याच्या वायरिंगची आहे.

आता नॉब काय करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच उलगडेल. साध्या एसीत ब्लोअरची मोटर १२ व्होल्टची, कार्बनवाली (आत घासून करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेली) डीसी मोटर असते. ४ वर तिला बॅटरीचा करंट सरळ मिळतो. १, २, ३ वर वाटेत रेझिस्टरच्या तारा येतात आणि मोटरच्या वाट्याला कमी व्होल्ट उरतात. उरलेले व्होल्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणून तर रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, तो वाराच त्याला गार ठेवतो. त्यावर बहुतेक वेळा एक थर्मल फ्यूज असतो. जास्त तापलं की तो तुटतो आणि तुटला की तुटला, परत जुळत नाही. मग १, २, ३ एका झटक्यात जातात आणि ४ तेवढा राहतो, कारण ४ चा रस्ता रेझिस्टरमधून जातच नाही. तुमची नेमकी हीच स्थिती.

म्हणजे रेझिस्टर गेला हे जवळजवळ नक्की. पण ताई, तो दोनदा गेला. इथेच थांबून विचार करायचा. रेझिस्टर आपल्या आपण क्वचित मरतो, त्याला कोणीतरी मारतो. गेल्या वर्षी तुम्हाला नवा रेझिस्टर बसवून दिला, पण मारणारा आत तसाच ठेवला. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त हेच बघतो आणि मला याचा खरोखर त्रास होतो. गिऱ्हाईक पैसे देतं, चार महिने बरं चालतं, मग पुन्हा गॅरेजची पायरी.

मारणारे दोन. एक, वारा कमी. जाळी किंवा फिल्टर तुंबला की रेझिस्टरवरून हवा जात नाही आणि तो तापतो. दुसरा, जड झालेली मोटर. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) सुकले, आत गंज धरला, पंख्याच्या चाकात काही अडकलं की मोटर हळू फिरते. हळू फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. पहिल्या स्पीडला ४ अँपिअर जातात आणि वाटेत २ ओहम आहेत असं धरा, तर रेझिस्टरमध्ये ३२ वॉट उष्णता होते. तेच ६ अँपिअर झाले तर ७२ वॉट. करंट दीडपट, उष्णता सव्वादोनपट. कसा टिकेल?

सकाळचा चिर्रर्र आवाज, खड्ड्यातलं चालू-बंद आणि प्लास्टिकचा वास, या तिन्हींवरून मला वाटतं बुश सुकलेत, कार्बन संपत आलेत आणि कुठला तरी कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा) जळतोय. पण वाटण्यावर पार्ट बदलायचे नाहीत. मोजायचं.

क्रम असा ठेवा.

आधी डोळ्यांनी. चावी काढा, ग्लोव्ह बॉक्स उतरवा. बाजूच्या चापट्या आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत तो खाली लोंबतो. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची. ब्लोअरचा दोन पिनांचा कपलर आणि रेझिस्टरचा कपलर सोडवून पिना बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, पिन निळसर-काळी पडलीय का, वायर पिनेजवळ कडक झालीय का. वास कुठून येतो ते बहुधा इथेच कळेल. ते कळेपर्यंत ब्लोअर ४ वर लावून लांब जाऊ नका. वास येणारी गाडी ती, आणि त्यात आई बसलेली.

मग फ्यूज. ब्लोअरचा साधारण २५ किंवा ३० अँपिअरचा असतो, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बघा. तुमचा शाबूत असणार, नाहीतर ४ पण चालला नसता. तरी काढून त्याचे पाय बघा; तिथेही जळाल्याचा काळेपणा येतो.

मग रेझिस्टर. तो काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते लिहून घ्या. स्वस्त मीटर तारांचेच ०.३-०.५ ओहम दाखवतात, ते वजा करायचे. मग कॉमन पिन आणि बाकीच्या पिना. चांगल्या रेझिस्टरमध्ये ओहमच्या अपूर्णांकापासून दोन-तीन ओहमपर्यंत काहीतरी दिसतं. काहीच दाखवलं नाही तर थर्मल फ्यूज तुटला.

मग मोटर, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. हाताने चाक फिरवून बघा. बोटाने ढकललं की थोडा वेळ आपल्या आपण फिरत राहायला हवं. खरखर नको, अडकणं नको, वर-खाली हलता नये. पुढे करंट. इथे मुलाला नीट सांगा: साध्या मल्टिमीटरचं करंटचं भोक १० अँपिअरचं असतं, ब्लोअर ४ वर त्याहून जास्त घेतो. त्यातून मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज उडेल, आणि त्या भोकाला फ्यूज नसेल तर मीटरच जळेल. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) हवा, आणि तोही डीसी मोजणारा. घरगुती कामाचे बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट, म्हणजे घरातल्या विजेचा, मोजतात, गाडीच्या वायरीवर ते शून्य दाखवतात आणि माणूस समजतो करंटच नाही. छोट्या गाडीचा ब्लोअर ४ वर साधारण १२ ते १६ अँपिअर घेतो. वीसच्या वर गेला तर मोटर जड झाली समजा.

व्होल्ट मोजताना कपलर लावलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजा. कपलर काढून मोजलं तर जळका, सडका सांधासुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून करंटच जात नसतो. भार पडला की खरं बाहेर येतं. आणखी एक: बऱ्याच गाड्यांत मोटरला प्लस कायम असतो आणि नॉब, रेझिस्टर मायनसच्या बाजूला असतात. टेस्ट लॅम्प बॉडीला लावून तपासणारे तिथे फसतात, दोन्ही वायरींवर लॅम्प पेटतो. मीटर मोटरच्या दोन पिनांच्या मध्येच लावायचा.

डॅशबोर्ड खोलायची गरज मला दिसत नाही. बहुतेक हॅचबॅकमध्ये ही मोटर खालून दोन-तीन स्क्रूंवर असते, चाकासकट हातात येते. कूलिंग कॉइलचा तुमच्या तक्रारीशी काडीचाही संबंध नाही. ती गळते तेव्हा गॅस जातो आणि हवा गार येत नाही. तुमची हवा गार येतेय, तुम्हीच लिहिलंय.

मांद्रेकर

मी किनाऱ्याजवळ राहतो, खाऱ्या वाऱ्याने कपलर सडतातच. माझ्या गाडीत असाच प्रकार होता. फ्यूज सारखा उडायचा म्हणून ४० चा टाकला, आणि ब्लोअर बॅटरीवरून वेगळा स्विच घेऊन डायरेक्ट केला. दोन पावसाळे काही झालं नाही. ताईंना तातडीची गरज आहे तर हा मार्ग स्वस्तातला.

फोंड्याचा वायरमन

मांद्रेकर, राग मानू नका, पण हे कोणी वाचून करू नये म्हणून स्पष्ट लिहितो. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. कंपनीने त्या जाडीच्या वायरीला ३० झेपतात असं ठरवून फ्यूज दिला. ४० टाकलात की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते, कार्पेटच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे. फ्यूज सारखा उडत होता म्हणजे मोटर जास्त ओढत होती. ती तुम्हाला सांगत होती आणि तिचं तोंड बंद केलंत. आजच ३० चा परत बसवा आणि मोटरचा करंट मोजून घ्या. डायरेक्ट वायरीला बॅटरीपाशी फ्यूज आहे का तेही बघा. नसेल तर ती वायर गाडी उभी असतानाही धोक्याची आहे.

ताई, आणखी दोन गोष्टी राहिल्या. गाडी झाडाखाली असते का? वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते, बाहेरची हवा तिथून ब्लोअरला मिळते. पानं साचून तिथली पाण्याची वाट बुजली की पावसाचं पाणी थेट मोटरवर उतरतं. डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे का हात लावून सांगा.

दुसरं, तुमच्या मॉडेलला केबिन फिल्टर आहे का? खालच्या व्हेरियंटना पुष्कळदा फिल्टरची खोबण असते, आत फिल्टर नसतो. मग पानं, कचरा सगळं सरळ चाकात. पूर्वी मी खाणीवरच्या टिपरचं वायरिंग करायचो, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तोवर. त्या ब्लोअरमधून ओंजळभर लाल धूळ निघायची, चाकाच्या पात्यांमधली फट दिसायची नाही. डिचोली-साखळीच्या बाजूच्या जुन्या गाड्यांत अजून ती धूळ सापडते.

तोवर पहाटेच्या प्रवासाचं. हवेचा रोख फक्त समोरच्या काचेवर ठेवा, म्हणजे आईच्या अंगावर वारा येणार नाही. आतलीच हवा फिरवण्याचा खटका बंद, बाहेरची हवा घ्यायची. आत फिरवलीत तर चार माणसांच्या श्वासाचा ओलावा आतच राहतो. एसी चालू आणि तापमानाचा नॉब थोडा लालकडे. एसीची कॉइल हवेतलं पाणी काढून घेते, हीटर ती हवा कोमट करतो, काच साफ राहते. आपल्याकडे हीटर कशाला, असं लोक म्हणतात. चोर्ला घाटात जुलैत गाडी घालून बघावी. कधी कधी काच बाहेरून धुरकटते, ते एसी जास्त गार झाल्यामुळे. बाहेरची हवा दमट, काच थंड. तेव्हा वायपर एकदा फिरवायचा आणि थंडी कमी करायची. वास आला तर मात्र ब्लोअर बंद, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली.

केरीची बाय

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. काल दुपारी पाऊस थांबल्यावर बसलो आम्ही. जसं दिसलं तसं लिहिते.

गाडी घरासमोर फणसाखाली असते. वायपरखालच्या जाळीत कुजलेल्या पानांचा थर होता, हाताने उपसला. डाव्या कोपऱ्यातलं भोक पूर्ण बुजलेलं होतं. वायरीने टोचल्यावर तांब्याभर काळं पाणी गाडीच्या चाकाजवळ खाली पडलं. डावं कार्पेट वरून कोरडं, खालचा फोम ओला. फिल्टर नाहीच, खोबण आहे, आत रिकामं.

रेझिस्टर: कॉमन आणि बाकी पिना, काहीच दाखवत नाही. वरचा तो बारीक चौकोनी तुकडा एका बाजूने सुटलेला दिसतो.

रेझिस्टरचा कपलर ठीक आहे. मोटरच्या दोन पिनांच्या कपलरमध्ये एका पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय. सुटता सुटत नव्हता. वास त्याचाच, नाक जवळ नेल्यावर लगेच कळलं.

क्लॅम्प मीटर मुलाने आयटीआयच्या सरांकडून आणला, डीसीवाला. इंजिन चालू ठेवून, ४ वर, सगळं अगदी थोडा वेळ:

बॅटरीवर १४.१ व्होल्ट.
मोटरच्या दोन पिनांमध्ये १२.० व्होल्ट.
प्लसच्या बाजूला वाटेत जाणारे १.९, त्यातले १.१ एकट्या त्या तपकिरी पिनेत.
मायनसच्या बाजूला ०.२.
करंट सुरुवातीला २३, मग २० ते २१ वर स्थिर.

चाक हाताने ढकललं तर फिरत राहत नाही, जागीच थांबतं. अर्ध्या फेरीला काहीतरी घासतं. मोटर उतरवायची का? तीन स्क्रू दिसताहेत.

फोंड्याचा वायरमन

ताई, तुम्ही आणि त्या मुलाने केलेलं मोजमाप बघून बरं वाटलं. आता "खोलल्यावर कळेल" म्हणायची गरजच उरली नाही, न खोलता कळलं.

त्या पिनेचा हिशोब करा. १.१ व्होल्ट गुणिले २० अँपिअर, म्हणजे २२ वॉट. मुलाकडे आयटीआयचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न असेल, तेवढी उष्णता एका पिनेत, प्लास्टिकच्या डबीत, तुमच्या आईच्या पायांच्या वर. कपलर वितळणार नाही तर काय होणार. मायनसचे ०.२ चालतील, तिकडे काही करू नका. प्लसचे उरलेले ०.८ वायर, फ्यूज, रिले आणि सांधे मिळून आहेत. करंट खाली आला की तेही कमी होतील, तरी फ्यूजचे पाय एकदा साफ करा.

आणि २०-२१ अँपिअर म्हणजे मोटर जड. सुरुवातीला २३ आणि मग उतरले, हेही बोलकं आहे. सुकलेला बुश थोडा तापला की सैल होतो, म्हणूनच तुमचा सकाळचा चिर्रर्र नंतर थांबतो. सगळी साखळी जुळली. पानांनी पाण्याची वाट बुजली, पाणी मोटरवर पडलं, बुश गंजले, मोटर जड झाली, करंट वाढला, त्याने रेझिस्टर मारला आणि कपलर जाळला. गेल्या वर्षी साखळीची फक्त शेवटची कडी बदलली होती.

मोटर उतरवा, पण आधी रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं. या दिवसांत आत उंदराचं घरटं असू शकतं, आणि उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. हाताला जखम असेल तर मुलालाच करू दे. बॅटरीचा मायनस सोडून मगच स्क्रूला हात घाला.

बुशात तेल घालून ही मोटर चालेल का, असा प्रश्न पडेल. थोडे दिवस चालेल. पण खड्ड्यात बंद पडते म्हणजे कार्बनही संपलेत, आणि कार्बनची भुकटी तेलाला चिकटून आत चिखल होतो. नवी घ्या. विकत घेताना जुनी सोबत न्या, चाकाची फिरण्याची दिशा, व्यास आणि कपलर जुळवून घ्या. उलट दिशेची मोटरसुद्धा खोक्यात बसते, फक्त वारा नीट देत नाही आणि मग लोक पुन्हा गॅसवर जातात.

कपलर नवा, वायरीच्या शेपटीसकट मिळतो. जळलेल्या पिनेमागची वायर कडक झाली असेल तितकी कापून टाका, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. जुन्या वायरीएवढ्याच जाडीची वायर, पक्का दाबलेला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळायची नाही, पुढच्या पावसाळ्यात तिथेच परत काळं होईल.

रेझिस्टर सगळ्यात शेवटी. आधी नवी मोटर ४ वर लावून करंट मोजा. सोळाच्या आत आला तरच नवा रेझिस्टर बसवा.

केरीची बाय

झालं काम! उतरवल्यावर जे दिसलं ते सांगायलाच हवं. चाकाच्या अर्ध्या पात्यांमध्ये फणसाच्या पानांचा चुरा घट्ट बसला होता, त्यामुळे एक बाजू जड. वरच्या बाजूला खरोखरच घरटं: सीटचा पिवळा फोम, कागदाच्या चिंध्या, काजूच्या बियांची सालं. मोटरच्या दांड्याभोवती गंजाचं तांबडं कडं. मुलाने मोटर उघडून दाखवली, एका कार्बनची जेमतेम नखाएवढी जाडी उरली होती आणि त्याच्या मागची स्प्रिंग जवळजवळ पूर्ण बाहेर आली होती.

तुमच्या क्रमाने केलं. नवी मोटर, नवा कपलर, ४ वर करंट १४ अँपिअर. मग रेझिस्टर बसवला. मोटरच्या पिनांवर आता १ वर ४.१ व्होल्ट, २ वर ६.४, ३ वर ९.२, ४ वर १३ च्या जरा वर. कपलर दहा मिनिटं चालवून हात लावला, गार. रिकाम्या खोबणीत फिल्टर बसवला, आणि वायपरखालच्या हवेच्या तोंडाला आतून बारीक स्टीलची जाळी लावली. गाडी आता फणसाखालून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावते. सगळं मिळून खर्च सांगितलेल्या आकड्याच्या पाव भागाच्या आत बसला. मुलाने पैसे घेतले नाहीत, आईने त्याला पाटोळ्या करून घातल्या.

आज पहाटे आम्ही बांबोळीला गेलो. २ वर ठेवला होता, रोख काचेवर, नॉब थोडा लालकडे. आईने विचारलं, आज पंखा लावला नाहीस का?

एक शंका राहिली. फिल्टर बसवल्यावर ४ वर करंट १४ चा १३ झाला. मला वाटलं होतं अडथळा आला की वाढेल. काही चुकतंय का?

फोंड्याचा वायरमन

काही चुकत नाही, छान बघितलंत. या जातीचं चाक जितकी हवा ढकलेल तितका भार घेतं. हवेची वाट थोडी अडली की ढकलायला हवाच कमी, म्हणून करंट उतरतो आणि चाक उलट जोरात फिरतं, आवाज बारीक होतो. चाकात किंवा बुशात अडकलं तर मात्र चाकच हळू होतं आणि करंट चढतो. म्हणजे पुढे कधी ब्लोअरचा आवाज बारीक, वारा कमी आणि करंटही कमी दिसला तर फिल्टर बघा. आवाज जाड किंवा खरखरीत आणि करंट जास्त दिसला तर मोटर बघा. फक्त फिल्टर तुंबेपर्यंत ठेवू नका, करंट कमी असला तरी रेझिस्टरला वारा मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधी एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा काढून झटका. ओला वाटला तर बदला.

ओला फोम तसाच ठेवू नका. कार्पेट उचलून ऊन मिळेल त्या दिवशी वाळवा, त्याच्याखालून वायरिंग जातं.

म्हापशेकर

हे वाचून एक विचारतो. माझ्या गाडीचा ब्लोअर सगळ्या स्पीडवर नीट चालतो. मेरशीच्या जंक्शनवर सिग्नलला उभा राहिलो की हवा कोमट होते, पणजीच्या अटल सेतूवर चढलो की पुन्हा गार. गॅस या उन्हाळ्यात परत भरला. हाही रेझिस्टर का?

फोंड्याचा वायरमन

नाही. हा तुम्ही आधी म्हणालात तो पुढचा पंखा. गाडी चालते तेव्हा वारा कंडेन्सरला गार करतो, उभी राहिली की ते काम पंख्याने करायचं असतं. सावलीत उभी करा, एसी लावा, हात लांब ठेवून बॉनेट उघडून बघा. कंप्रेसर लागल्यावर पंखा थोड्या वेळात फिरायला हवा. फिरला नाही तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले, मग पंख्याच्या कपलरवर भार असताना व्होल्ट. व्होल्ट येतात आणि पंखा फिरत नाही तर मोटर. पंखा फिरतो आणि तरी कोमट होतं तर कंडेन्सरच्या जाळीत चिखल, किडे अडकलेत का बघा आणि हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाती दुमडतात. तापमानाच्या काट्यावरही नजर ठेवा, बऱ्याच गाड्यांत रेडिएटरलाही तोच पंखा असतो. तोवर गॅस भरू नका.